काटा खाली होता

गाडीचा दोष नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे आठवणींच्या भरात राहून जाईल. गाडीचा दोष नव्हता आणि अक्काचा तर नव्हताच. ज्याचा होता तो हे लिहितो आहे. वाचून कोणाला राग आला तर येऊ दे, तीस वर्षं मी सगळ्यांचं हसू सांभाळलं, आता राग सांभाळीन.

गेल्या उन्हाळ्यात पिंप्राळ्याच्या घर रंगवायला काढलं. जिन्याखालचं कपाट रिकामं करताना मागच्या कोपऱ्यात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा सापडला. सापडला म्हणणंही खोटंच आहे. तो तिथे आहे हे मला रोज ठाऊक होतं. डब्यात दोन काळे पडलेले प्लग, हवेचं प्रेशर मोजायची पेनासारखी नळी, आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू. पितळेची टोपी, खाली स्प्रिंग, मध्ये रुपयाएवढी बंद झडप. तळहातावर घेतली आणि फडक्याचा वास नाकात गेला. ग्रीस, जुनं पेट्रोल आणि त्याखाली कुठेतरी, शपथेवर सांगतो, नव्या गाडीच्या सीटचा वास.

त्या वस्तूचं नाव थर्मोस्टॅट. आमच्याकडचे मिस्त्री नुसतं ‘वाल’ म्हणायचे. तिच्या पोटात मेण असतं. इंजिनातलं पाणी गार असेपर्यंत झडप बंद राहते आणि इंजिन पटकन गरम होतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे जाऊन निवून येतं. इतकं साधं आणि इतकं शहाणं यंत्र मी नंतर पाहिलं नाही. आणि खानदेशात नवी गाडी आली की पहिलं काम काय, तर हे शहाणं यंत्र उपटून फेकायचं. आपल्याकडचं ऊन बेचाळीस-पंचेचाळीसचं, पाण्याला कशाला अडवता, फिरू द्या मोकळं, असं ते शास्त्र. ट्रकचा वाल काढलेला, जीपचा काढलेला, ट्रॅक्टरचा तर कंपनीनं दिला होता की नाही तेही कोणाला आठवत नसे.

ती गाडी घरी आली तेव्हा नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. त्याआधी आमच्या अंगणात आबांची जीप असायची. आबा म्हणजे आमचे वडील. केळीचे बाग, ट्रक भरणं, माणसं गोळा करणं, सगळं त्या जीपवर. तिचं इंजिन ओतीव लोखंडाचं, आबांच्या स्वभावासारखं. तापलं तरी चालेल, आटलं तरी चालेल, वरून गार पाणी ओतलं तरी फुसफुसून पुन्हा सुरू होईल. मी गाड्यांविषयी जे शिकलो ते त्या जीपच्या बॉनेटखाली. डिप्लोमा मेकॅनिकलला दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या, पण हाताला काळं लागलं की आपण इंजिनिअर, अशी माझी समजूत होती.

आणि मग ही आली. चेरीच्या रंगाची, बुटकी, रुंद, मासोळीसारखी गोल. आबा तिच्या भोवती फिरले आणि म्हणाले, “ही गाडी आहे की साबणाची वडी?” मागच्या सीटवर बसून त्यांनी गुडघे छातीपर्यंत आलेले दाखवले आणि उतरले. त्यांच्या मित्राच्या मुलाची गाडी, तो परदेशी निघाला म्हणून आमच्याकडे आली. आबांना ती कधीच आवडली नाही. बरंच झालं, त्यामुळे ती आमची झाली. माझी आणि अक्काची.

जेमतेम हजार सीसीचं इंजिन, पण सगळं ॲल्युमिनियमचं. दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवावं इतकं हलकं. सगळी गाडीच हलकी, त्यामुळे त्या इंजिनाला ओढायला काही ओझंच वाटत नसे. पाच गिअर. त्या काळी पाचवा गिअर म्हणजे चैन. गिअरचा दांडा आखूड, मनगटाच्या एका हालचालीत ‘टक्’ करून पडायचा, जीपसारखं खांद्यातून ढकलायला नको. खाली बसायचं, पाय लांब सोडायचे, समोरची काच अशी उतरती की बॉनेट दिसायचंच नाही, थेट रस्ताच मांडीवर आल्यासारखा. दुसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुरायला लागायची तिथेच खरी सुरू व्हायची. बाकी गाड्या त्या आवाजाला थकतात, हिला तिथे ऐन जोर यायचा. आवाज गुरगुरीचा न राहता गाण्याच्या वरच्या पट्टीत जायचा आणि पाठीला सीट चिकटायची. वळणावर जीप कलायची, ही नुसती वळायची. सस्पेन्शन कडक. खड्डा गेला की खड्ड्याचा आकार पाठीच्या कण्याला समजायचा. गतिरोधकावर पोट घासायचं. एसी लावला की तिचा जीव जायचा, म्हणून ट्रकला ओलांडताना एसी बंद करायचा, ओलांडून झाला की चालू. ती बोटाची सवय मला अजून आहे.

इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा काटा तिच्यात नव्हता. कानानंच ऐकायचं. आणि इथे दुसरी गोष्ट कबूल करतो. अक्काचा कान माझ्यापेक्षा चांगला होता.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव सुनंदा. लग्न होऊन शिरपूरला गेलेली. त्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा मेहरूण तलावाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर मी तिला गाडी शिकवली. आधी जीपवर एकदा प्रयत्न झाला होता, तिचा पाय क्लचपर्यंत पुरला नव्हता. या गाडीत मात्र ती बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि म्हणाली, “ही माझ्या मापाची आहे.” तीन दिवसांत ती गिअर बदलताना एवढं अचूक सोडायची की मान हलायची नाही. मी दांडा ओढायचो, ती दांडा ठेवायची. शेजारी बसून मी सूचना देत होतो, पण चौथ्या दिवशी सूचना द्यायला काही उरलं नाही, तर मी तिला टेंपरेचरच्या काट्याचं व्याख्यान दिलं. डावीकडे खाली गार, वर लाल रेघ म्हणजे धोका, दर दोन मिनिटांनी बघायचं. तिने ते मनावर घेतलं. तलावाला फेरी मारताना मध्येच म्हणायची, “काटा निम्म्यावर, साहेब.” वेडावून दाखवायची, पण बघायची.

शिरपूरला जाऊन तिने शिकाऊ लायसन्स काढलं. तिचे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, आधी नको म्हणाले. पण सासूबाईंच्या डोळ्यांसाठी दर महिन्याला धुळ्याला जावं लागायचं, दाजी बियाण्यांच्या कंपनीत, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. शेवटी नाना म्हणाले, आखाजी होऊ दे, पक्कं लायसन्स आण, मग घरातली व्हॅन तुझ्या हाती. हे तिने मला पत्रात लिहून कळवलं. पक्कं या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

आखाजीचं बाहेरच्या माणसाला कसं सांगावं? पंचांगात ती अक्षय तृतीया. आमच्याकडे ती लेकींची. ऊन डोक्यावर तडतडत असतं, आणि घरोघरी लिंबाच्या फांदीला झोके चढतात. नवी घागर, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आमरस. पुरुष उघड्यावर पत्ते कुटतात आणि त्या दिवशी कोणी काही बोलत नाही. आणि सासरी गेलेल्या लेकीला आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला की सासू कितीही कडक असो, पिशवी भरावीच लागते. गाण्यांमधून बायका त्याचीच वाट बघत असतात. मी दर वर्षी एसटीने जायचो. त्या वर्षी गाडी घेऊन जाणार होतो.

जायच्या आदल्या दिवशी मी गाडी तयार करायला घेतली. तयार होतीच, पण मला तिच्यात काही तरी करायचं होतं. शिरपूर-धुळे आग्रा रोड, ऐन दुपार. मी वाल काढला. हिरवं कूलंट गटारात सोडलं आणि घरच्या बोअरचं पाणी भरलं, जीपमध्ये भरायचो तसंच. वालाच्या झाकणाखालचं कागदी पॅकिंग काढताना फाटलं. नवं पॅकिंग दुकानात मिळालं असतं, पण आमच्याकडे पॅकिंग विकत आणायची पद्धत नव्हती. लग्नपत्रिकेचं कापायची. जाड, गुळगुळीत पुठ्ठा, त्यासारखं पॅकिंग नाही. प्रत्येक गॅरेजमध्ये एका खिळ्याला जुन्या पत्रिका टांगलेल्या असत. पत्रिका झाकणाच्या तोंडावर धरायची आणि हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने टकटक करत जायचं, आकार आपोआप कापला जातो. मला त्यात फार हातखंडा होता. माळ्यावर अक्काच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. लाल, त्यावर सोनेरी अक्षरं. त्यातली एक काढली, टकटक केली, ग्रीस फासलं, बोल्ट आवळले. वाल फडक्यात गुंडाळून डब्यात टाकला. समोरच्या बंपरला गार पाण्याने भरलेली छागळ बांधली. ती कॅन्व्हासची पिशवी बांधल्याशिवाय आबा जीपसुद्धा हलू देत नसत.

शिरपूरला नानांनी गाडीला एक फेरी मारली. ओट्यावर सासूबाईंनी सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला, नारळ दिला. अक्का निळ्या काठाच्या पिवळ्या लुगड्यात, डोक्यावर पदर, शेजारच्या सीटवर अगदी गरीब गाईसारखी बसली. तापीच्या पुलापर्यंत. पुलाच्या अलीकडे तिने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, “थांबव. उतर.”

तो तास मला कोणी परत देणार नाही. पाचवा गिअर, उघड्या काचा, उकळता वारा. दोन्ही बाजूंना कापूस वेचून उलंगलेली पऱ्हाटीची शेतं, नुसत्या काळ्या काड्या. रस्ता पाण्यासारखा हलत होता. तिच्या हातातल्या बांगड्या स्टिअरिंगवर हळूच वाजत होत्या, आणि इंजिन त्याच्या आवडत्या पट्टीत गात होतं. समोर मध्य प्रदेशचा लाकडं भरलेला ट्रक. तिने चौथा घातला, ‘टक्’, एसी बंदच होता, हॉर्न दिला आणि ती साबणाची वडी त्या ट्रकच्या बाजूने अशी सुटली की ड्रायव्हरने खाली वाकून बघितलं, बाई चालवतेय. तो हसला की रागावला कळलं नाही. अक्का मात्र मोठ्याने हसली. लग्नानंतर तसं हसताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. ती अजून वेगात चालवू शकली असती. तिने चालवली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर वेगळं सांगितलं गेलं.

सोनगीरच्या थोडं अलीकडे ती म्हणाली, “काटा खाली येतोय रे बापू.” मी म्हणालो, “वाल काढलाय ना, गारच राहणार.” छाती फुगवून म्हणालो. पाच मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, “अगदी खाली गेला.” मी म्हणालो, “मग मार की.” आणि त्यानंतर इंजिनात कोणीतरी वाटाणे भाजायला घातल्यासारखा आवाज झाला, पायाखालचा जोर गेला, आणि गाडी सोनगीर फाट्याला, रसवंतीच्या समोर, एका लिंबाखाली थांबली.

रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. गावातून तांबटांच्या हातोड्या ऐकू येत होत्या, टण टण, एका लयीत. बॉनेट उघडलं तर वाफसुद्धा फार नव्हती. जळक्या रंगाचा वास होता, आणि तो कोरडा वास होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जीपला आम्ही जे करायचो ते मी केलं. छागळ सोडली आणि ते बर्फासारखं गार पाणी त्या पेटलेल्या ॲल्युमिनियमवर ओतलं.

आवाज लहानच झाला. काचेचा ग्लास ठेवताना कधी तडा जातो तसा. तांबटांच्या टण टणमध्ये तो कोणाला वेगळा ऐकूही आला नसता. मी ऐकला.

शिरपूरकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकने निरोप नेला, दुसऱ्याने गाडी धुळ्याला ओढून नेली. गॅरेज देवपुरातलं, बुधा मिस्त्रींचं. दिवेलागणीच्या आत नाना आणि दाजी तिथे पोचले. मी तोंड उघडायच्या आधी अक्का पुढे झाली. म्हणाली, “नाना, गाडी मी चालवत होते. पण काटा खाली होता. मी बघत होते.”

नाना हसले. वाईट माणूस नव्हते ते, खरंच हसले. मिस्त्रीकडे बघून म्हणाले, “बाईना हातमा गाडी दिन्ही, मंग आखो काय व्हई?” दाजी पण हसले. मला हसायचं नव्हतं. हसलो. अक्काने एकदाच माझ्याकडे बघितलं. काटा खाली येतोय हे तिने मला दोनदा सांगितलं होतं, एवढं मी बोललो असतो तरी झालं असतं. मी रेडिएटरकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आखाजी. नाना तिला आदल्या रात्रीच धुळ्याहून परत शिरपूरला घेऊन गेले, गाडी मोडली, आता कशाला जायचं म्हणाले. सांजोऱ्यांचा डबा तिने माझ्या हातात दिला. पिंप्राळ्याला आमच्या अंगणातल्या लिंबाला झोका बांधलेला होता. दिवसभर कोणी बसलं नाही. वाऱ्याने पाट हलायचा आणि आई दर वेळी दाराकडे बघायची. मुऱ्हाळी गेला आणि एकटाच परत आला, असं आमच्या घरात आधी झालं नव्हतं.

चार दिवसांनी मी धुळ्याला गेलो. बुधा मिस्त्रींनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढून जाड काचेवर पालथं ठेवलं होतं. मागे बल्ब धरला तर हेड आणि काचेच्या मधून उजेडाची रेघ दिसत होती. वाकलं होतं, आणि एका बाजूला केसाएवढी चीर. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल पुठ्ठ्याचा एक लिबलिबीत तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. पाण्याने फुगून एका बाजूने उडालेला. त्यावर अर्धी सोनेरी अक्षरं होती. चि. सौ. कां. सु.

ते हळू आवाजात बोलले. म्हणाले, जीपचं पाणी मंद, हिचं दाबाचं. पत्रिका किती धरणार? पाणी उडून गेलं बारीक बारीक, रस्त्यावर. मी विचारलं, मग काटा वर का नाही गेला? तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की डिप्लोमाच्या दोन्ही नापासांपेक्षा ते मला जास्त लागलं.

“काटा पाण्याची गरमी मोजतो भाऊ, लोखंडाची नाही. पाणीच नाही तर तो काय मोजील? खालीच जाणार. तुझी बहीण खरं सांगत होती.” मग हात पुसत म्हणाले, “घरी सांगशील ना?”

मी हो म्हणालो.

त्या ‘हो’ला आता तीस वर्षं होतील. गाडी दुरुस्त झाली, पण ती पट्टी तिला पुन्हा लागली नाही, आणि दीड वर्षात आबांनी ती काढून टाकली. बुधा मिस्त्री वारले. नाना वारले. आबा शेवटपर्यंत प्रत्येक लग्नात ती गोष्ट रंगवून सांगायचे, आमच्या सुनंदाने आग्रा रोडवर इंजिन भाजलं आणि वर म्हणते काय, तर काटा खाली होता. माणसं पोट धरून हसायची. अक्कासुद्धा हसायला शिकली. पक्कं लायसन्स तिने काढलं नाही, व्हॅनला हात लावला नाही, सासूबाई धुळ्याला भाड्याच्या गाडीने जात राहिल्या. आणि ते वाक्य आमच्या घरात रुजलं. भात करपला, काटा खाली होता का? भाचीने स्कूटी मागितली, आधी काटा बघायला शीक. कोणतीही मुलगी कशाविषयीही ‘मी नीट बघितलं होतं’ म्हणाली की कोणीतरी ते म्हणायचंच.

गेल्या वर्षी, तो डबा काढला त्याच आठवड्यात, माझी मुलगी तिच्या ऑफिसातली काही चूक फोनवर समजावून सांगत होती. माझं नव्हतं, मी आकडा तपासला होता, असं ती म्हणाली. आणि मी, हो, मीच, जेवता जेवता म्हणालो, काटा खाली होता वाटतं. पोरगीने फोन आवरता घेतला. तिला त्यामागची गोष्ट धड माहीतही नाही. तिला फक्त एवढं माहीत आहे की हे वाक्य आलं की आपलं म्हणणं संपलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी शिरपूरला गेलो. खिशात तो वाल.

अक्का आता अठ्ठावन्नची. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. दाजी बाहेर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. वाल, पत्रिका, छागळ, हेडखालचा उजेड, बुधा मिस्त्री काय म्हणाले ते. तिने वाल हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मग विचारलं, हा खराब होता म्हणून काढलास का? मी म्हणालो, नाही. बघायचं तर गरम पाण्यात टाकून कळतं.

तिने चहाचं पातेलं चढवलं. पाण्यात वाल सोडला. आम्ही दोघं त्या पातेल्यावर वाकून उभे राहिलो, लहानपणी चिकाचा खरवस होताना राहायचो तसे. पाण्याला बारीक बुडबुडे आले. मोठे आले. तीस वर्षं फडक्यात पडलेली ती झडप जागची हलली आणि अगदी सावकाश, न अडखळता, पूर्ण उघडली.

“म्हणजे हा नीट होता,” अक्का म्हणाली.

“हो.”

“आणि माझे डोळेही.”

तिने गॅस बंद केला. मला वाटलं रडेल. ती रडणाऱ्यांतली नाही. म्हणाली, “तुला माहीतंय का, मी नंतर नंतर मानलं होतं रे. मलाच वाटायला लागलं, काटा वर असेल, मीच हसण्याच्या नादात बघितला नसेल. दुधाखालचा गॅस बंद केला की मी तीनदा जाऊन बघते. तीनदा. कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघते. दाजी हसतात. तू म्हणतोस पॅकिंग गेलं. माझं काय गेलं ते सांगू का?”

ते सांगायची गरज नव्हती. मी माफ कर असं काही म्हणायला गेलो तर तिने हात वर केला. सासरी इतकी वर्षं काढल्यावर तिला खरा राग येतो तो आता अहिराणीतच येतो. “माले नको सांगू. बठ्ठास्ना म्होरे सांगशी का?”

सगळ्यांच्या समोर. आखाजीला.

मी म्हणालो, लिहितो. ती म्हणाली, “लिही पण, आणि सांग पण. लिहिलेलं आपल्या घरात कोण वाचतं?”

या आखाजीला मी तिला आणायला गेलो. केस पांढरे झालेला मुऱ्हाळी, पण मुऱ्हाळीच. गाडी मुलीची, नवी. अक्का बाहेर आली ती पिशवी दाजींच्या हातात देऊन. तिच्या हातात पुठ्ठ्याचे दोन चौकोन होते, पांढऱ्या कागदावर लाल इंग्रजी एल काढून चिकटवलेला. चार महिने शिरपूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात होती. मला कळवलं नव्हतं. तिने एक एल पुढच्या काचेला आतून लावला, एक मागे. मी मागचा सरळ करायला गेलो तर पुठ्ठ्याच्या पाठीवर सोनेरी अक्षरं दिसली. तिच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका.

“लग्नाच्या संपल्या,” ती म्हणाली. “पण पुठ्ठा चांगला आहे. तुलाच विचारणार होते, धरेल का?”

यावेळी ती तापीच्या पुलापर्यंत थांबली नाही. दारातून, गल्लीतल्या सगळ्यांसमोर, सीट पुढे ओढून, आरसा नीट करून निघाली. दाजी ओट्यावर उभे राहून बघत होते, पेपर हातात तसाच. पुलावर तिने विचारलं, काटा कुठंय? मी म्हणालो, या गाड्यांत काटा नसतो आता. फक्त दिवा लागतो. ती म्हणाली, “बरं झालं. दिव्याला तरी घरचे मानतील.” सोनगीर फाट्याला रसवंती नाही, लिंब नाही, पूल झाला आहे वरून. हातोड्यांचा आवाज काचा बंद असल्यावर येत नाही. तिने काच खाली केली. आम्ही दोघांनी कान दिला. मग तिने गिअर बदलला आणि माझी मान हलली नाही.

पिंप्राळ्याला अंगणात सगळे होते. काका, चुलत भाऊ, त्यांची मुलं, सुना, माझी मुलगी. झोका बांधलेला. पत्त्यांचा डाव रंगात आलेला. अक्का ड्रायव्हरच्या बाजूने उतरली तेव्हा एक चुलत भाऊ सवयीनं म्हणालाच, “काय अक्का, काटा खाली होता का?”

मी म्हणालो, “हो. होता.”

आणि वाल घागरीशेजारी ठेवून मी सगळं सांगितलं. कोणी पानं टाकली नाहीत. मध्ये एकाला हसू आलं, त्याने ते गिळलं. शेवटी काका म्हणाले, जाऊ दे रे, जुनी गोष्ट, तिने तरी कुठे मनात ठेवलीय. मी म्हणालो, तिने ठेवलीय. ते म्हणाले, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? आबांना भीत होतास? हे उत्तर मी एसटीत, अंथरुणात, आरशात इतक्या वेळा घडवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात भीती घातली होती.

“भीती नव्हती, काका. ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. आणि मग ती चालवेनाशी झाली. मला ते सोयीचं होतं.”

अंगणात नुसतं ऊन होतं. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, ते मी कमावलेलं आहे. काकूंनी आत जाऊन आमरस आणला. कोणीतरी पत्ते गोळा केले.

अक्काला यातलं काही ऐकू आलं नसावं असं वाटावं, अशी ती गाडीपाशी काम करत होती. तिने पुढचा एल काढला, मागचा काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि दोन्ही पुठ्ठे पर्समध्ये ठेवले.

चुलत भावाची सून म्हणाली, राहू द्या ना आत्या, आता कशाला लागणार आहेत?

“परत जाताना लागतील,” अक्का म्हणाली, आणि झोक्यावर जाऊन बसली.